बावीस इंची

नातीची सायकल घ्यायला गेलो, तर दुकानदाराने तिला अनवाणी भिंतीशी उभं केलं आणि जांघेपासून टाचेपर्यंत टेप लावली. "यावरूनच फ्रेम ठरते, आजी."

आमच्या वेळी कुठली टेप! दोघी बहिणींत मिळून एक सायकल घेताना वडिलांनी नुसतं विचारलं, "पाय टेकतात ना गं?" परकराआड टाचा उचलून मी महामाया म्हणाले, "टेकतात की!" मला बावीस इंचीच हवी होती, कारण तिच्यावरून धाकट्या कुसुमचे पाय पोचलेच नसते. माणूस माप घेतो ते बहुधा दुसऱ्याला बसू नये म्हणूनच.

पोचत माझेही नव्हते. शाळेच्या वाटेवर मी रोज आपटायचे. मागून चालत येणारी कुसुम धावत येऊन मला उठवायची, आणि मी तिच्यावरच खेकसायचे, "आधी सायकल उचल, गाढवे!"