राणीच्या मानेवरचा हात

वाचनालयात समोर बसलेल्या मुलीचा हात सारखा मानेकडे जात होता. एरवी माझं लक्षही गेलं नसतं. पण मी वाचत होतो ती कादंबरी इंग्लंडच्या ट्यूडर घराण्यातल्या एका राणीवरची. राजाने, म्हणजे नवऱ्यानेच, जिचा शिरच्छेद करवला ती राणी. लेखकाला शेवट ठाऊक, म्हणून पहिल्याच प्रकरणात ही एवढीशी पोर बागेत खेळता खेळता मानेवरून हात फिरवते. पुढे लग्नात फिरवते, बाळंतपणातही फिरवते. आणि दर वेळी वारा थांबतो.

मला त्या हाताचाच संशय येतो. पाहिला कुणी तो? ही बाई कधी पोटभर जेवली असेल, दासीवर उगाच खेकसली असेल, बूट चावतो म्हणून दिवसभर कुरकुरली असेल. त्याला पुस्तकात एक ओळ नाही. राजाने तिची मान एकदाच उडवली. कादंबरीकार मात्र तिला पाळण्यापासून मारत आणतात, आणि वर हळहळतात.

मुलीचा हात पुन्हा मानेकडे गेला आणि मी चक्क चरकलो.

"काय गं, बरं वाटत नाही का?"

"घामोळं आलंय हो काका," ती वैतागून म्हणाली. "तो पंखा वाढवा ना जरा."

पंखा वाढवून आलो आणि पहिलं प्रकरण पुन्हा काढलं. बागेत त्या दिवशी ऊन फार होतं, असं लेखकानेच लिहिलं होतं.