तळाशी काही बसू नये म्हणून

चंद्रावतीचा जन्म पेणच्या खाडीकाठचा, मिठागरातला. तिथं माणसाला एकच आस: पाणी आटावं आणि तळाला मीठ बसावं. चाळीस वर्षं तिनं हेच केलं. गुडघे बोलायला लागले तशी ती रोह्याजवळ वरश्याला मुलीकडे आली. नवरा रघू मिठागर सोडायला तयार नव्हता. इथं एका छोट्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ती बाटल्या धुवायला लागली.

तिथल्या मृणाली मॅडम सिलिकॉनच्या तेलात लोखंडाचे कण कालवायच्या. कण कसले, डोळ्यांना दिसायचेही नाहीत! ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येकावर पॉलिमरचं पातळ आवरण. पुढेमागे हे तेल रुग्णाच्या डोळ्यात भरायचं आणि बाहेरून चुंबक लावून आतला सुटलेला पडदा जागच्या जागी दाबून धरायचा, असा बेत.

पहिल्या बाटलीवर लक्ष ठेवायचं काम चंद्रावतीकडे आलं. आठव्या दिवशी तळाला काळा थर दिसला आणि बाई हरखलीच. पेढे आणून सगळ्यांच्या हातावर ठेवले. “मॅडम, बसलं! झकास बसलंय!”

मॅडमनी पेढा तोंडात टाकला, बाटली पाहिली आणि कपाळाला हात लावला. थर बसला म्हणजे बाटली वाया गेली, हे चंद्रावतीला तेव्हा कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

आणखी चार बाटल्या तशाच गेल्या. मालकांनी बजावलं, सहावी शेवटची. नव्वद दिवस टिकली तर ठीक, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप. आयुष्यात पहिल्यांदा चंद्रावतीला पंख्याखालची खुर्ची मिळाली होती, आणि खरं सांगायचं तर त्या काळ्या तेलावर तिचा जीव जडला होता. रोज सकाळी ती बाटलीला दटावायची, “बसू नको हां बाळा!”

नव्वदाव्या दिवशी तळ तपासायचा मॅडमना धीरच होईना, म्हणून काचेची कांडी त्यांनी चंद्रावतीकडेच दिली. नुसत्या तळपायाला मिठाचा थर कळायचा तिला. तिनं कांडी तळाशी फिरवली. पुन्हा फिरवली. कुठे खरखर नाही! मॅडमनी चुंबक जवळ आणला, तसं सगळं तेल फणसासारखे काटे फुलवून उभं राहिलं.

“नाय बसलं!” चंद्रावती किंचाळली. गुडघे विसरून दोघींनी फुगडी घातली. मग तिनं धापा टाकतच रघूला फोन लावला. “अवो, नव्वद दिस झालं, कणभर बसलं नाय!”

पलीकडून मोठा सुस्कारा आला. “जाऊ दे गो,” रघू हळव्या आवाजात म्हणाला. “रडू नको. पुढल्या हंगामाला बसंल.”