तवाभर भाकर

वळ गावातल्या जाईबाईला भाकरीचं माप विचारलं की ती सरळ तव्याकडे बोट दाखवायची. तव्याच्या काठाला जिचा काठ लागतो ती भाकर. त्याहून लहान ती लेकरांच्या खेळातली. अकरा वर्षं ती आणि तिची जाऊ कमळा मिळून जवळच्या वडपे गावच्या एका धान्याच्या गोदामातल्या हमालांना दुपारच्या भाकरी पुरवत होत्या. साठ माणसं, डोई दोन भाकरी. तांदळाची कणी दळून आणायची, आधणात पीठ घालून उकड काढायची, हात पोळत असतानाच मळायची आणि पाण्याच्या हातानं थापायची. जाईबाईचे तळवे असे निबर झाले होते की तापलेला तवा ती फडक्याशिवाय उतरवायची, आणि त्याचा तिला भलताच तोरा होता.

कणी ही खरं तर गरिबाची चीज. गिरणीत तांदूळ सडताना जो तुटतो, तो चुरा. बिर्याणीवाले तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत, म्हणून तर ती भाकरीवाल्यांना परवडायची. पण दोन वर्षांत तिचा भाव असा चढत गेला की जाईबाई दुकानदार रामनाथशी रोज भांडायला लागली. शेवटी तो वैतागून म्हणाला, "माझ्यावर कशाला डाफरतेस? कणीला आता नवं गिऱ्हाईक आलंय. कारखान्यात तिचं इथेनॉल करतात आणि पेट्रोलात मिसळतात. मक्याचंही तेच. ते ट्रकच्या ट्रक उचलतात, तू नेतेस एक गोणी. व्यापारी कुणाचं ऐकणार?"

"म्हंजे आता गाड्याबी भाकरी खानार?" जाईबाई म्हणाली खरी, पण हसू काही तिला आलं नाही. कारण तिचा लेक राकेश तसलाच ट्रक चालवायचा. त्याच गोदामात कणी भरायची आणि घाट चढून कारखान्यावर नेऊन टाकायची. ही नोकरी लागली तेव्हा तिनं आळीत पेढे वाटले होते.

राकेशलाही आईची ओढाताण दिसत होती. ट्रक रिकामा झाला की तळाशी जे धान्य सांडलेलं उरतं ती झाडण, आणि झाडण ड्रायव्हरची, असा त्या धंद्यातला रिवाज. एके दिवशी त्यानं अर्धी गोणी झाडण आणून आईपुढं ठेवली. जाईबाई हरखली. सुपात घेऊन पाखडायला बसली आणि लसूण सडल्यासारखा वास आला. किडीसाठी टाकलेलं औषध त्यात मिसळलं होतं.

"कारखान्यात जानारा माल हाय, आई. त्याला कोन जपतो?" राकेश ओशाळून म्हणाला.

जाईबाईनं घरामागं खड्डा खणला आणि कोंबड्यांनी टिपू नये म्हणून ती सगळी कणी खोल पुरून टाकली. माती लोटताना तिला स्वतःचाच राग आला. फुकटच्या मालाला आपण भुललो कशा, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं गोदामाचं कँटीन बघणाऱ्या मितेशला गाठलं आणि दर वाढवून मागितला.

"मावशी, वरून ऑर्डर आहे, दर वाढणार नाही," मितेश मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला. "तुम्ही भाकरी थोडी छोटी करा ना. किसी को पता नहीं चलेगा."

यातलं शेवटचं वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. खरंच कुणाला कळलं नसतं. चार वाजता पाठीवर पोतं घेतल्यावर हमालाला भोवळ आली असती आणि तो म्हणाला असता, वय झालं आपलं. त्याच्या ताटातला घास कुणी काढला हे त्याला जन्मात समजलं नसतं. घरी पोचेपर्यंत जाईबाईचं ठरलं होतं.

सोमवारी तिनं टोपली नेऊन ठेवली. भाकरी तवाभर, पण मोजून नव्वद.

"बाकीच्या?" मितेश.

"त्या पैशात आता एवढ्याच होतात."

"साठ माणसं आहेत, मावशी!"

"मला नको सांगू. अकरा वरसं त्यांच्याच भाकरी थापतेय."

रोज ती टोपली ठेवून निघायची. आज मात्र टोपलीशेजारी मांडी घालून बसली. जे कमी पडणार ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कमी पडावं, असं तिच्या मनात होतं.

पंचेचाळीस माणसांनंतर टोपलीचा तळ दिसला. रांगेत पुढं म्हातारा मोरू उभा होता. "जाईबाई, आज विसरलीस का काय?"

"विसरले न्हाय, मोरूदादा. कणी म्हाग झाली, दर तोच हाय. भाकर ल्हान करून तुम्हाला फसवायचं माझ्याच्यानं झालं न्हाय."

जेवणारे हात थांबले. "सकाळपासून त्या ट्रकात आपण काय भरतोय?" कुणीतरी विचारलं. "कणीच ना?" साठच्या साठ तोंडं मितेशकडे वळली. एकानं भाकर ताटात परत ठेवली, मग दुसऱ्यानं. मितेश फोन कानाला लावून बाहेर गेला.

रांग सरकली तेव्हा तिच्या शेवटाला जाईबाईला राकेश दिसला, हातात ताट घेऊन. ड्रायव्हर लोक मोजणीत नसायचे; कुणी हमाल आला नसला तर त्याचा वाटा त्यांना मिळायचा. तिनं मोरूचा विचार केला होता, मितेशचा केला होता. लेकाचा केलाच नव्हता.

"एकबी न्हाय, आई?"

"न्हाय रं."

राकेशनं उभ्याउभ्या डाळ प्यायली आणि ताट धुऊन ठेवलं. मितेश परत आला. "ठीक आहे मावशी, उद्यापासून वाढीव दर. पण भाकरी पूर्ण पाहिजेत." हमालांनी आपापल्या ताटातल्या भाकरी मोडून मोरूला आणि इतरांना दिल्या. तोवर राकेशला गेटवरून हाक आली होती. गाडी भरून तयार होती.

"पाठीमागं नऊ टन कणी, आन् पोटात नुसती डाळ," तो केबिनमध्ये चढत हसून म्हणाला. जाईबाईनंही हसायचा प्रयत्न केला, पण तिला रडू फुटलं. आपण जिंकलो होतो आणि आपलं पोर उपाशी चाललं होतं.

ट्रक हायवेला लागला. जाईबाईनं पदरानं डोळे खसाखसा पुसले आणि मितेशला मोठ्यानं हाक मारली.

"उद्यापासून ड्रायवर लोकबी मोजायचे! एकशेवीस न्हाय, एकशेतीस आनीन!"