तालमीतला प्रश्न

खिडकीतून एमआयडीसीतल्या केमिकलचा उग्र वास आला आणि बाबांचा शर्ट आठवला. कॉन्फरन्समधल्या माझ्या पहिल्या भाषणाची तालीम मी डोंबिवलीच्या याच खोलीत केलेली. कंपनीतून आलेले बाबा शर्टही न बदलता समोर बसले. त्यांना कळत काहीच नव्हतं. शेवटी मी "एनी क्वेश्चन्स?" म्हटलं, तर त्यांनी चक्क हात वर केला.

"अरे, तुझं हे सॉफ्टवेअर बंद पडलं तर माणसांनी काय करायचं?"

"बाबा, तिथे असलं कोणी विचारत नाही."

"नसेल. पण कोणीच काही विचारलं नाही, तर तुला कसंतरी वाटेल ना!"

बाबा गेले, त्याला आता वर्ष होईल. उद्या पुन्हा भाषण आहे. मघाशी तालीम संपवून मी "एनी क्वेश्चन्स?" विचारलं, आणि लॅपटॉपची स्क्रीन आपोआप काळी होईपर्यंत थांबलो.