आवक क्रमांक ४१७

कार्यालयातले किस्से निर्माल्यासारखे साठतात. रोज चार फुले टोपलीत पडतात, त्यांचे काही वाटत नाही. एके दिवशी पाहावे तर टोपली भरलेली. आमच्या विद्यापीठाच्या कल्याणच्या केंद्रात मी निवृत्तीनंतरही तक्रार समितीची अध्यक्ष म्हणून आठवड्यातून तीन दिवस जाते. समितीला स्वतंत्र खोली नाही. माझे टेबल आवक खिडकीच्या मागे, म्हात्रेंच्या शेजारी. त्यामुळे माझी टोपली जरा लवकर भरते.

*

म्हात्रे इथलेच. वडील मिठागरात होते, हे आवक विभागात आले आणि तिथेच स्थिरावले. टेबलावर आलेला कागद नोंदवहीत चढवून त्याला क्रमांक दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एकदा मी माझ्या घरच्या सत्यनारायणाची पत्रिका त्यांच्या टेबलावर ठेवली. दुपारी ती शिक्का मारून, क्रमांक घालून 'पुढील आदेशार्थ' माझ्याकडेच परत आली!

पूजेनंतर मी तिच्यावर लिहिले, 'पूजा यथासांग पार पडली. म्हात्रे यांनी प्रसाद दोनदा घेतला. दप्तरी दाखल.'

*

या शिस्तीची खरी परीक्षा वैदेही मॅडमच्या वेळी झाली. वैदेही नव्याने रुजू झालेली, अजून नोकरीत कायम न झालेली प्राध्यापिका. मानपाड्यात एकटी राहते. परीक्षेत तिने एका विद्यार्थ्याला चिठ्ठ्यांसह पकडले आणि अहवाल दिला. चौथ्या दिवशी तिला निनावी मेल आला : 'अहवाल मागे घ्या. एकट्या राहता, हे विसरू नका.'

पोर पांढरीफटक पडून माझ्यासमोर बसली. चौकशीला महिना होता आणि साक्षीदार ती एकटीच. ती डगमगली असती, तर मुलगा निर्दोष आणि हीच खोटी ठरली असती.

म्हात्रेंनी मेलची प्रिंट काढली, शिक्का मारला, नोंदवहीत लिहिले : 'विषय – धमकी.' मग नियमाप्रमाणे त्याच पत्त्यावर पोच धाडली. 'आपले पत्र मिळाले. आवक क्रमांक ४१७. यापुढील पत्रव्यवहारात हा क्रमांक नमूद करावा.'

मी म्हटले, "अहो, धमकीला पोच?"

"बाई, धमकी असली तरी कागद हाय ना," म्हात्रे म्हणाले.

त्या आठवड्यात वैदेही पहिल्यांदा हसली.

*

पुढचे चार मेल त्याच रीतीने नोंदवले गेले, पण पोच पुन्हा कोणालाच गेली नाही. 'एका प्रकरणाला एकच क्रमांक' हाही म्हात्रेंचा नियम. शेवटी ती फाइल घेऊन आम्ही पोलिसांकडे गेलो. सायबर शाखेतल्या हवालदारांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली : मेल, तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा पत्ता, सगळे ओळीने, दोऱ्यात ओवलेले.

ते म्हणाले, "बाई, लोक घाबरून मेल डिलीट करतात आणि मग आमच्याकडे येतात. ही फाइल बघून तर मलाच घाबरायला झालं."

पत्ता बनावट नावाने काढलेला होता. माणूस शोधायला वेळ लागेल, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

*

सहावा मेल मला आला. 'देवळात कीर्तन करता ना? या शनिवारी दगड पडतील.'

वैदेहीच्या वर्गाला ही बातमी कुठून लागली कोण जाणे. शनिवारी देवळात पाहते तो साठ विद्यार्थी पहिल्या रांगेपासून दारापर्यंत मांडी ठोकून बसलेले. त्यांतल्या निम्म्यांना टाळ कसा धरतात तेही ठाऊक नव्हते. पण गजर असा केला की रस्त्यावरचे रिक्षावाले आत आले. छळणारेच शेवटी संतांच्या पायरीशी आले, हीच कथा मी त्या दिवशी लावली होती.

दगड एकही पडला नाही. प्रसाद मात्र कमी पडला.

*

सातव्या मेलमध्ये वैदेही दूध कुठून घेते ते लिहिलेले होते. ती तडक राजीनामा घेऊन खिडकीशी आली. मी पुष्कळ समजावले. तिचे एकच उत्तर : "बाई, मला दूध आणायला जायची भीती वाटते."

म्हात्रेंनी राजीनामा वाचला आणि परत दिला. "शिक्क्याची शाई संपलीय, मॅडम. उद्या या."

दुसऱ्या दिवशीही शाई नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. उरलेले सगळे टपाल मात्र शिक्क्यानिशी माझ्या टेबलावर येत होते. त्या दिवसांत सकाळचे दूध म्हात्रेंच्या सूनबाई वैदेहीच्या दारात पोचवत होत्या.

*

चौकशीच्या आदल्या दिवशी वैदेही पुन्हा खिडकीशी उभी, हातात तोच कागद. तिच्या मागे इस्त्रीच्या सदऱ्यातले एक गृहस्थ आले. पकडलेल्या मुलाचे मामा. तीस वर्षे एका कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. भाच्यावर दया करावी, असा विनंतीअर्ज त्यांनी आणला होता. वैदेहीने त्यांना पुढे जाऊ दिले.

अर्ज देखणा होता. समास सोडलेला, मजकूर मुद्देसूद, खाली 'सविनय सादर'. वर विषय, आणि विषयाखाली, तीस वर्षांच्या सवयीने, संदर्भ :

'आपली पोच, आवक क्र. ४१७.'

म्हात्रेंनी नोंदवही उघडून क्रमांक ताडून पाहिला. मग अर्ज माझ्यासमोर सरकवला. मी वाचला आणि हवालदारांना फोन लावला.

"पोच मिळेल ना?" मामांनी विचारले.

"मिळणार की. बसा दादा, चहा सांगतो."

म्हात्रेंनी शिक्का उचलला, अर्जावर आणि प्रतीवर ठसठशीत उमटवला, क्रमांक घातला आणि प्रत दोन्ही हातांनी दिली. मामांनी ती नीट घडी करून खिशात ठेवली व बाकावर बसले.

वैदेहीने तो ओला, जांभळा ठसा पाहिला. मग तिने आपला कागद पुढे केला.

"काका, शाई आली वाटतं?"

म्हात्रेंनी शिक्का खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावले.

"या साहेबांपुरतीच आलेली, मॅडम. परत संपली."