हळू चालणारी मोटारसायकल

फोन अविनाशरावांचा होता. मी मार्केट यार्डातून बाहेर पडत होते, दोन्ही हातांत पिशव्या. "शैला गेली," एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही गाडीवर नाही ना आत्ता?" मी नाही म्हटलं आणि गाळ्याच्या पायरीवर खाली बसले. बातमी अनपेक्षित नव्हती. शैलाची फुप्फुसं गेलं वर्षभर हळूहळू साथ सोडत होती आणि आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. तरीही पुढे काय करायचं असतं ते मला काही केल्या आठवेना... घरी जायचं की तिच्याकडे, पिशव्या कुठे ठेवायच्या. शेवटी तशाच घेऊन रिक्षात बसले.

हडपसरच्या एका कारखान्यात आम्ही दोघी तपासणी विभागात होतो. तयार झालेले सर्किट बोर्ड मीटर लावून पारखायचे, हे आमचं काम. विभागातल्या बाकी बायका कंपनीच्या बसने यायच्या, मी स्कूटरवर, आणि शैला मोटारसायकलवर. तिच्या मागे मांडीवर डबा घेऊन तिचे यजमान, अविनाशराव, बसलेले असत. ते एका बँकेत होते. शैला त्यांना वाटेत सोडायची आणि पुढे कारखान्यात यायची. एका लग्नात कुणीतरी त्यांना खवचटपणे विचारलं की तुम्ही मागे कसे काय बसता हो? अविनाशराव शांतपणे म्हणाले, "तिला चालवता येते, मला येत नाही." विषय तिथेच संपला.

पन्नाशीच्या आसपास शैलाला संधिवाताने गाठलं. बोटं सुजायला लागली आणि उजवं मनगट आखडलं. त्याच सुमारास तिने नवी मोटारसायकल घेतली होती. रिकाम्या रस्त्यावर ती झकास धावायची. रहदारीत, माणूस चालतो त्या वेगाने न्यायची झाली की मात्र छळायची. ॲक्सिलरेटर किंचित पिळला तर आधी काहीच होत नसे, आणि अजून जरासा पिळला की गाडी झटका देऊन पुढे उडी घ्यायची. धडधाकट मनगट असा झटका सांभाळून घेतं. शैलाच्या मनगटाला ते जमेना. एका संध्याकाळी हडपसरच्या भाजीबाजारापाशी गाडीने अशीच उसळी घेतली आणि पुढच्या टेंपोला जाऊन भिडली. मागे अविनाशराव होते. कुणाला लागलं नाही, पण घरी आल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तिला सांगितलं की आता पुरे. बंगळुरूहून मुलाचाही फोन आला. गाडी विकून टाक, असं त्याचं म्हणणं.

शैलाने दोघांचं ऐकून घेतलं. म्हणाली, "हाताचं मी काही करू शकत नाही. गाडीचं करता येतंय का बघते. नाही जमलं तर मीच विकीन, कुणाला दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही."

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तिला सांगितलं की सगळ्या गाड्या अशाच असतात, आणि वर सुचवलं की मॅडम, तुम्ही स्कूटर का नाही घेत? "स्कूटर हवी असती तर स्कूटरच्या दुकानात गेले असते," असं म्हणून शैला बाहेर पडली. मग तिने त्या गाडीचं दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक मिळवलं आणि पोथी वाचावी तसं ते वाचून काढलं. एका रविवारी सकाळी मला बोलावून घेतलं. पार्किंगमध्ये पेट्रोलची टाकी काढलेली गाडी उभी होती.

इंजिनाला हवा देणाऱ्या झडपेच्या बाजूला एक काळा, काडेपेटीएवढा सेन्सर असतो. आपण ॲक्सिलरेटर किती पिळला आहे हे तो गाडीच्या संगणकाला व्होल्टेजच्या रूपात कळवतो. शैलाचा तर्क असा की हा सेन्सर सुरुवातीलाच जरा कमी सांगतो, म्हणून नेमकं हळू चालवताना पेट्रोल कमी पडतं, आणि मग एकदम मिळाल्यावर गाडी उसळते. तो मूळच्या जागेवरून केसभर फिरवायचा, इतकंच काम. पण तिच्या बोटांत स्क्रू ढिला करण्याचीही ताकद उरली नव्हती. म्हणून स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात, मीटर तिच्या हातात. सुरुवातीलाच तिने सेन्सरच्या कडेला नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून मूळ जागा पक्की केली. आयुष्यात मी तिच्याकडे नेलपॉलिश पाहिलं ते तेवढंच.

पहिल्या प्रयत्नात आम्ही गाडी बिघडवली. इंजिन उभ्या जागी भणभणायला लागलं आणि गिअर टाकताच गाडी आपणहून पुढे ओढ घ्यायला लागली. मी म्हटलं, शैला, राहू दे, जिथे होतं तिथे परत आणू. तिने माझ्याकडून ते मूळ जागी आणवलंही. मग ओढणीने घाम पुसून म्हणाली, "बिघडलं म्हणजे आपल्या हाताने काहीतरी बदलतंय. बदलतंय ते सुधारेलही."

पुढचे कित्येक रविवार हेच चाललं. सेन्सर नखभरही नाही इतका फिरवायचा, मीटर बघायचा, स्क्रू आवळायचा, टाकी बसवायची, इमारतीभोवती शक्य तितक्या हळू एक फेरी मारायची. पुन्हा टाकी काढायची. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ दर वेळी गॅलरीतून बघत. त्यांनी एकदा विचारलं, "काय हो, जागच्या जागी किती किलोमीटर झाले?" शैला मान वर न करता म्हणाली, "तुमच्यापेक्षा जास्त." आणि मग एका रविवारी ती फेरी मारून आली ती थांबलीच नाही. पुन्हा एक फेरी मारली, पुन्हा एक... पाय वर, गाडी मुंगीच्या चालीने, आणि एकही झटका नाही. माझ्यासमोर थांबून तिने इंजिन बंद केलं. तिचे डोळे भरले होते. "आवळ घट्ट," म्हणाली.

तेवढ्यावर तिचं समाधान नव्हतं. तिने अविनाशरावांना सांगितलं की ऑफिसं सुटायच्या वेळेला माझ्या मागे बसा, आपण कात्रजला जाऊ. तुम्हाला भीती वाटली तर उद्याच गाडी विकते. मी स्कूटरवरून मागोमाग गेले. बसगाड्या, रिक्षा, मध्येच घुसणारे दुचाकीवाले... त्या सगळ्या गर्दीतून ती पाण्यातून होडी न्यावी तशी गाडी नेत होती. कात्रजला दूध डेअरीपाशी टँकरांची रांग लागली होती, तिच्या कडेकडेने ती जवळजवळ थांबल्यासारखी सरकत गेली, पाय खाली न टेकता. चहाच्या टपरीवर आम्ही थांबलो. अविनाशरावांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "विकू नकोस." शैला म्हणाली, "मग मुलाला फोन तुम्हीच करा."

त्यानंतर ती कैक वर्षं गाडी चालवत होती. कारखान्यात, बाजारात, पुढे पुढे डॉक्टरांकडेही. हा संधिवात फुप्फुसांतही उतरला तेव्हाही चालवत होती. थांबली तीसुद्धा स्वतःच. एका सकाळी तिचा मला फोन आला, सोलापूर रस्त्याच्या कडेला उभी आहे, ये. गेले तर गाडी नीट स्टँडवर लावलेली आणि ही शेजारी उभी. ब्रेक दाबायला दोन्ही हात लागले, असं म्हणाली आणि किल्ली माझ्या हातात दिली. तिला मागे बसवून घरी आणताना मला रडू येत होतं. तिला नाही.

आठवडाभरात तिने नवं काम काढलं. अविनाशरावांना गाडी शिकवायचं. ते तोवर निवृत्त झाले होते आणि त्यांनी साधी लूनासुद्धा कधी चालवली नव्हती. फुरसुंगीच्या पुढे एक मोकळं रान होतं. तिथे ही खुर्चीत बसायची, शेजारी ऑक्सिजनची छोटी टाकी. वेगात कुणालाही येते, हळू चालवून दाखवा, हा तिचा एकच धडा. त्या रानाचे मालक एक म्हातारे शेतकरी होते, ते रोज येऊन बघत उभे राहायचे. एकदा म्हणाले, "ताई, त्यास्नी पडू तरी द्या येकदा. भ्या जाईल." दुसऱ्याच दिवशी अविनाशराव पडले. मी धावले, तर शैलाने मला हातानेच थांबवलं. "उचला," ती त्यांना म्हणाली. त्यांनी धापा टाकत गाडी उचलली, गुडघा झटकला आणि पुन्हा बसले. लायसन्स हातात पडलं तेव्हा ती दवाखान्यात होती. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि फोटो वाईट आलाय म्हणाली.

परवा अविनाशरावांबरोबर मी गॅरेजमध्ये गेले होते. गाडीचं सर्व्हिसिंग होतं. मेकॅनिकने टाकी उतरवली, मीटर लावला आणि म्हणाला की काका, सेन्सरचं सेटिंग कुणीतरी बदललंय, कंपनीचं आहे तसं करून देतो. ज्या माणसाला मी इतक्या वर्षांत कधी कुणाशी वाद घालताना पाहिलं नाही, तो पुढे झाला आणि टाकी काढलेल्या त्या जागेवर त्याने चक्क आपला तळहात ठेवला.

"नको. माझ्या बायकोने केलंय ते," अविनाशराव म्हणाले. "आणि मी अजून शिकतोय. मला हळूच चालवता येते."

मेकॅनिकने मान हलवली आणि टाकी परत बसवली. बाहेर रस्ता तुंबलेला होता. अविनाशरावांनी हेल्मेटचा पट्टा दोनदा तपासला, गाडी सुरू केली आणि एका पाण्याच्या टँकरमागे निघाले. दोन्ही पाय वर होते. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. त्यांनी वेग वाढवला नाही.