दुसरा हौद

माणसांची नावं विसरणारी आणि हत्तिणींचे स्वभाव तोंडपाठ असलेली बाई उभ्या नवी मुंबईत एकच असावी, आणि ती माझ्या बायकोची मावशी आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला ती नुसतं ‘जावईबापू’ म्हणते, कारण नाव आठवत नाही. पण खाडीपलीकडच्या प्राणिसंग्रहालयातली यमुना कुठल्या कुशीवर झोपते, हे तिला विचारा. वाशीच्या शाळेतून भूगोल शिकवून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी घडीचं स्टूल आणि डब्यात थालीपीठ घेऊन ती हत्तींसमोर बसायची. माझ्या मेहुणीच्या साखरपुड्यातून ती मधेच नाहीशी झाली होती. “यमुनेची आंघोळ चुकली असती,” एवढंच तिचं स्पष्टीकरण.

तिथे हत्तिणी तीन. थोरली यमुना, हौद तिचा, झाडाची सावली तिची. मधली तिला चिकटून. धाकटी तारा मात्र दिवसभर फाटकाशी उन्हात उभी. ती आजारी आहे असं ठरलं आणि तिला एकटीला परगावी पाठवायचं घाटू लागलं. हे कळताच मावशीने मला रजा टाकायला लावली आणि आम्ही तिथल्या साहेबांसमोर जाऊन बसलो.

“आजारी नाहीये हो ती. यमुना हौदाशी असली की हिची तिकडे फिरकायची टाप नाही. यमुनेच्या नजरेआड दुसरा हौद बांधा, वर सावली करा.”

“मॅडम, जागा भरपूर आहे. जागेचं टेन्शनच नाही.”

“आहे ना. पण ती सगळी यमुनेची आहे.”

साहेब हसले. मावशी हसली नाही. पुढचे कित्येक रविवार ती डबा घेऊन आधी साहेबांकडे, मग हत्तींकडे. चिकाटीने म्हणा, थालीपिठाने म्हणा, भिंतीच्या आडोशाला हौद झाला.

तारा आली, थबकली, मागे वळून बघितलं. यमुना दिसेना. मग ती अशी काही पाण्यात शिरली की काठावरचे साहेब नखशिखांत भिजले आणि गर्दीने टाळ्या पिटल्या. मावशी स्टुलावरून उठून त्या टाळ्या स्वतःच्याच असल्यासारख्या घेत होती. ताराचं जाणं रद्द झालं. परतीच्या बसमध्ये कंडक्टरसकट सगळ्यांना ही हकिकत ऐकावी लागली.

आता मावशीचे गुडघे साथ देत नाहीत. ती द्रोणागिरीला मुलाकडे असते. रविवारी मीच जातो आणि घरी आलो की फोन करतो.

“तारा कुठे उभी होती?”

“मधोमध. यमुनेच्या शेजारी.”

“बरं,” मावशी म्हणते. “आता जेवून घ्या.”